दादाची भिंतीतली चूल

मार्गशीर्ष शुद्ध ४, शके १७८५. अंजनगाव

दादानं आज खोली फोडली! माझ्या बायकोचं, सुभद्रेचं, बाळंतपण महिन्यावर आलं, बाळंतिणीला हीच एक खोली, आणि माझा थोरला भाऊ तिच्या भिंतीला भगदाड पाडून गवंडी बसवतो. परतवाड्याच्या छावणीत कुण्या साहेबाच्या बंगल्यात पाहिलं म्हणे — भिंतीत चूल, वर धुराडं. कापसाला भाव काय आला, लोकांची डोकीच फिरली. कोणी बैलांच्या शिंगांना चांदी मढवतो, आमचे थोरले खुशालराव भिंतीत चूल बांधतात!

वर हुकूम — "बाजेखाली शेगडी ठेवाची नाही. काय शेकाचं ते या चुलीवर!" काहून, विचारलं, तर उठून गवंड्याकडं गेला. तीन वर्षांमागं गोदावहिनी बाळंतपणात बाळासकट गेली, मी तेव्हा अमरावतीला शाळेत होतो. तेव्हापासून हा माणूस दगड झाला आहे.

मार्गशीर्ष वद्य २

चूल पेटवली. आग चुलीत, ऊब आभाळात! हातभर अंतरावर बसून माझे गुडघे गार. दादा मात्र अंगणात उभा राहून धुराड्याचा धूर पाहतो. रोज पाहतो. साऱ्या गावाला थाट दिसला पाहिजे ना!

मार्गशीर्ष वद्य ६

त्याच्याशी बोललो नाही. जेवलोही वेगळा.

मार्गशीर्ष वद्य ९

राहवलं नाही. दादा शेतात गेल्यावर चुलीत डोकं घालून पाहिलं. इतकी खोल की आत बकरी बांधावी. गवंड्याला काय अक्कल! मागं विटांची दुसरी भिंत रचून आग पुढं आणली. दोन्ही बाजू तिरप्या केल्या, म्हणजे झळ खोलीत वळते. कापसाच्या पऱ्हाट्या भुर्रकन जळून जातात, म्हणून धावड्याचं वाळलेलं लाकूड आणलं. राख काढली नाही, तिच्यात निखारा टिकतो. निम्म्या लाकडात दुप्पट ऊब!

दादा आला. वाटलं, एक तरी शब्द चांगला बोलेल. त्यानं धुराड्यात हात घालून चाचपलं आणि म्हणाला, "हे वरचं तोंड बुजवलं तर हात तोडीन, केशव्या!" ही शाबासकी! थुत्!

पौष शुद्ध ५

काल मुलगी झाली. एवढीशी, मुठीत मावेल अशी. थंडी मात्र हाडं फोडते आहे. सुईण मनकर्णाबाईनं कपाळ बडवून घेतलं — "शेगडीबिगर बाळंतीण? लेकरू गारठून मरन ना बापा!" तिनं खिडकीच्या फटींत कापसाची रुई कोंबली. दादानं सगळी उपटून अंगणात फेकली. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. "तुझं लेकरू गेलं म्हणून माझंही मारतो का?"

तो अंगणात जाऊन धुराड्याकडं पाहत उभा राहिला. लागलं असेल तर बरंच झालं. संक्रांत झाली की वाटणी मागणार.

पौष शुद्ध ८



दादा सकाळी बाजाराला गेला. तेवढ्यात मीच केलं. मायलेकींच्या अंघोळी झाल्यावर बाजेखाली रसरसलेली शेगडी सरकवली. फटीफटीत रुई भरली. चूल विझवली आणि ऊब वर जाऊ नये म्हणून धुराड्यात पोतं कोंबलं. सुभद्रेला आतून कडी लावायला सांगितली. "आता कसं बरं वाटून राहिलं," ती म्हणाली. मी गोठ्यात गेलो.

थोड्या वेळानं फाटकातून दादाची आरोळी — "धूर कुठी गेला? केशव्या, धूर कुठी गेला?" मी पोचेपर्यंत त्यानं कुऱ्हाडीनं दार फोडलं होतं. दोघींना उचलून उघड्यावर आणलं. सुभद्रा डोळे उघडेना. पोर चिंधीसारखी लुळी. दादा तिच्या तोंडावर फुंकर घालत होता, रडत होता. मी नुसता उभा. माझ्यासारखा गाढव मीच.

किती वेळानं कोण जाणे, पोर रडली. मग सुभद्रेला ओकारी आली.

दादा धुळीतच बसला. "गोदा अशीच निजली होती. दार लावून शेगडी मीच देल्ली होती."

पौष शुद्ध ९

दोघी बऱ्या आहेत. चूल पेटती आहे. धुराडं मोकळं.

दादाला विचारलं, साहेबाचा बंगला पाहायला परतवाड्याला कशाला गेला होतास?

"बंगला पाह्याले नोयतो गेलो. डाक्तराले इचाराले गेलो होतो, गोदा कायनं मेली."