सहा महत्त्वाचे जीव

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर तुझ्या भावजयीचं, बोलणं माझं. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर गाठ आलीय, त्यामुळे पलटणीचा शिंपी असून मला सुई सोड, पेनसुद्धा धरता येत नाही. परदेशात येऊन हेच कमावलं म्हण. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासला, त्यात क्षयासारखे जंतू निघाले. क्षय नव्हे, क्षयासारखे. छातीचे चार फोटो काढले, छाती ठणठणीत आहे.

पंचाईत कागदाची आहे. दवाखान्याच्या फॉर्मवर दोनच चौकोन आहेत, ‘क्षय आहे’ आणि ‘क्षय नाही’. क्षय नाही म्हणून दवाखाना मला पलटणीत पाठवतो आणि बरा नाही म्हणून पलटण मला दवाखान्यात. म्हणून दिवसभर मी दोघांच्या मधल्या फाटकापाशी बाकावर बसतो. जेवण दोन्हीकडून येतं, औषध कुठूनच नाही. वजन तीन किलो वाढलं.

बाबांना सांग, पलटणीच्या साहेबांच्या बंगल्यावरचं सकाळचं विशेष काम अजून माझ्याकडेच आहे. सहाही जीव सुखरूप आहेत.

माया आहे तेवढी राहू दे, काळजी तेवढी कमी कर.
तुझा धाकटा

ता. २० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काळजी कमी कर म्हणे! एकवीस वर्षं क्षयाच्या दवाखान्यात गोळ्यांच्या खिडकीत बसलेय मी. मानेतला पाहिला, मणक्यातला पाहिला. बोटातला असा पाहुणा एकदाच आला होता आणि तो माणूस शोभेचे मासे विकायचा. आमचे डॉक्टर म्हणाले होते, हा क्षयाचा चुलतभाऊ, माशांच्या टाकीच्या पाण्यात असतो आणि बारीकशा ओरखड्यातून आत शिरतो. औषध मिळालं तर बरा होतो. तेव्हा खरं सांग, हात कुठल्या पाण्यात घालतोस?

बाबांनी तुझ्या शिंपीकामाच्या दुकानाची पाटी रंगवून घेतली. तुला पलटणीतून सुटायला अजून दोन वर्षं आहेत म्हटलं, तर पाटी पलंगाखाली ठेवली. आणि तू परदेशात सहा बड्या माणसांचं रक्षण करतोस, हे न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे.

आशीर्वाद आहेत, उत्तर धड दिलंस तर वाढवीन.
ताई

ता. ६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाण्याची नि माझी ओळख पिण्यापुरती. बंगल्यावरच्या कामाबद्दल बोलायची मनाई आहे. गाठी आता मनगटापर्यंत चढल्यात, अगदी रांगेत. डॉक्टर महिनाअखेर बोट काढायचं म्हणतात. बोट काढायच्या फॉर्मवर चौकोनच नाहीत, त्यामुळे ते काम सोपं आहे. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस.

लोभ तुझ्याकडे शिल्लक असेल तो पाठव.
तुझा धाकटा

वन्सं, हे उठून गेले, आता पुढचं माझं. सहा जीव म्हणजे साहेबांचे मासे. हे रोज सकाळी त्यांची टाकी घासतात. शिपायाकडून घरकाम करून घ्यायला बंदी आहे, म्हणून साहेबांनी यांना दम भरलाय. आणि बाबांना कळलं तर काय, या धाकाने हेही गप्प आहेत. मी डॉक्टरांकडे जाऊन आले. बायकोचं म्हणणं लिहायला फॉर्मवर जागा नाही म्हणाले, शिक्क्याचा कागद हवा. तुमच्या दवाखान्याचा शिक्का चालेल ना? बोट गेलं तर हे सुई कशी धरणार? मला फार भीती वाटते.

ता. ५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा शिक्क्याचा कागद पोचला तेव्हा बोट काढायला तीन दिवस उरले होते. डॉक्टर तो घेऊन बंगल्यावर गेले आणि मासे आहेत का म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, मासे नाहीत. डॉक्टर टाकीसमोरच बसले होते.

त्याआधी आठवडाभर साहेब उजवा हात खिशात ठेवून डाव्या हाताने सलाम करत होते. पलटणीला वाटलं नवा हुकूम आला, म्हणून सगळे डाव्यानेच सलाम ठोकू लागले. आता डॉक्टरांनी तो हात खिशातून बाहेर काढायला लावला, तर बोटावर माझ्यासारखीच गाठ! मी टाकी घासून गेलो की साहेब आत हात घालून माशांना कुरवाळायचे म्हणे.

त्याच दुपारी फॉर्मवर पेनाने तिसरा चौकोन काढला गेला, ‘क्षयासारखा’. आम्हा दोघांना एकाच बाटलीतून गोळ्या मिळतात. बोट राहिलं, ताई. बाबांना काय सांगायचं ते तू ठरव, मला लाज वाटते.

लोभ असू दे. ही एक ओळ माझ्या हातची आहे, वाकडी असली तरी.
तुझा धाकटा

ता. २२ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी कसली ठरवते, पत्र आधी बाबांनीच फोडलं. तिसऱ्या दिवशी न्हाव्याकडे निघाले, तेव्हा मी धास्तीने मागोमाग गेले. खुर्चीत बसून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की सहाच्या सहा जिवंत आहेत, एकालाही ओरखडा नाही आणि त्यांच्यापायी पोराने स्वतःचं बोट पणाला लावलं. माशांचं नाव त्यांनीही काढलं नाही.

घरी आल्यावर मला विचारलं, बोट नेमकं कुठलं. मी माझं पुढे केलं. ते मुठीत धरून बसून राहिले आणि जेवण गार झालं तरी सोडेनात. शेवटी मी डाव्या हाताने जेवले.

गोळ्या चुकवू नकोस. आशीर्वाद तुझेच आहेत, बोटासकट.
ताई