भिंतीवरची मी

३ फेब्रुवारी १९७४, रविवार
सात रस्ता चौकातली भिंत आज रंगवून संपवली. क्षयरोग्यांच्या मोफत दवाखान्यासाठी तो चालवणाऱ्या मंडळाला देणग्या हव्यात, म्हणून हे चित्र. बाई उन्हात बसलीय, मांडीवर औषधाची बाटली, वर मोठ्या अक्षरात 'हा रोग बरा होतो'. चेहराच अडला होता. रोगी म्हणून समोर बसायला कुणी तयार नाही. शेजारच्या सुमनताई तर "अगंबाई, अभद्र!" म्हणून दार लावून आत. शेवटी घरचा आरसा नेला, शिडीला टांगला आणि माझंच तोंड काढलं. गाल तेवढे आत बसवले. छान जमलंय, उगाच विनय कशाला.

८ फेब्रु.
चित्रकलेचा तास, सातवी ब. पुढचे दोन बाक रिकामे, मुली मागे कोंबून बसलेल्या. का, विचारलं. एक जण म्हणाली, "बाई, आईनं सांगितलंय..." आधी हसू आलं. मग नाही आलं.

११ फेब्रु.
मु.बा.नी, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी, खोलीत बोलावलं. टेबलावर दोन पालकांचे अर्ज. "शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना क्षय आहे असं सगळं गाव म्हणतंय."
म्हटलं, आरशात बघून काढलंय, मला काही झालेलं नाही.
"मग तसा डॉक्टरांचा दाखला आणा. शनिवारी तेवीसला शाळेची कमिटी आहे. नाहीतर..."
नाहीतर काय ते मला कळलं. अकरा वर्षं शिकवतेय इथे! नोकरी गेली तर आईला घेऊन अक्कलकोटला भावाच्या दारात. वहिनीचं तोंड आत्ताच दिसतंय. नुसता संताप होतोय. तरी दाखला आणणार.

१२ फेब्रु.
शाळा सुटल्यावर शिडी लावून नाक बदलायला गेले. जरा फुगवलं तर हुबेहूब आमच्या शाळेच्या कारकुनांची आई. म्हणजे उद्यापासून त्या बिचारीच्या मागे लोक. पुसलं. परत माझंच नाक.

१८ फेब्रु.
अर्धी रजा टाकून दवाखान्यात, छातीच्या फोटोसाठी. बाकावरच्या बायका मला बघून सरकल्या. लांब नव्हे, जागा द्यायला. "भिंतीवरच्या बाई की ह्या!" शेजारी नरसम्मा, मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. क्षयाच्या सुया, म्हणजे इंजेक्शनं, अर्ध्यात सोडून घरी बसली होती, मरायचंच तर घरी मरू म्हणून.
"मग तुमाला बगितलं, अक्का. म्हटलं, येवडी शिकलेली बाई, तिला झालाय, तरी शिडीवर चढतीया की! आले मग परत."
सांगणार होते मी. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तिचा नंबर लागला.

२० फेब्रु.
फोटो स्वच्छ. डॉक्टरांनी दाखला लिहिला, शिक्का मारला, पण हातात देईनात. "तुमच्यामुळे मधेच सोडून गेलेल्या चौघीजणी परत आल्यात. हा कागद गावात कळला तर त्या..." मग स्वतःच म्हणाले, "असो. नोकरी तुमची. मी कोण सांगणार?"
आई म्हणाली, "दे तो कागद नि मोकळी हो. तुला जगाची काय पडलीय?" तिच्यावर ओरडले. चूक तिची नव्हती. दोघी न जेवता उठलो.

२२ फेब्रु.
उद्या अकराला कमिटी. दाखला पिशवीत आहे. मु.बा.ना एकट्यांना दाखवावा, कुणाला सांगू नका म्हणावं? मु.बा. आणि गप्प बसणार! संध्याकाळपर्यंत सातवी ब ला कळेल, रात्रीपर्यंत मागांवर. आणि नाही दाखवला तर...
कागद फाडायला धजत नाही. भित्री आहे मी.
शाळेतून येताना सात रस्त्याला नरसम्मा. दम लागत होता तरी मला बघून रस्ता ओलांडून आली.
"अक्का, तुमच्या सुया किती ऱ्हायल्या?"
पिशवी काखेत घट्ट धरली. म्हटलं, "चाळीस."
तिनं बोटांवर मोजलं. "माज्या बी तेवड्याच की! संगट सुटू मग."
हो म्हटलं.