खिळ्यावरची रोटी

३ जून
आलो एकदाचे! कुबातला राष्ट्रीय उद्यानाच्या वरच्या चौकीवर रक्षक नेमलंय. दोन खोल्या, चूल, दारात ओढा. समोर लाल ग्रॅनाइटचा कडा, पायथ्याला पाटीचा काळा दगड, आणि वर हिमनदी, दरवर्षी मागे सरकणारी. नवऱ्याचं माझ्यापेक्षा या दगडांवर जास्त प्रेम, असो बापडं. खाली बुरुल आपांचा तंबू आहे; थोरल्या बाईला इथे आपा म्हणतात, पुरुषाला आके. उद्यान होण्याआधी ही सगळी कुरणं त्यांच्या कुळाची होती. त्यांनी कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, पाजून पाजून आम्हाला लोळवलं. आधीच्या रक्षकाचा म्हातारा कुत्रा चौकीवरच राहिलाय, तो मात्र कुबातवर सारखा गुरगुरतो.

५ जून
चुलीवरच्या खिळ्याला फडक्यात एक रोटी सापडली. दगडासारखी कडक, एक घास तोडलेली. आधीचे रक्षक सागिन आके घासभर खाऊन हिमनदीवर गेले, ते सापडलेच नाहीत. आपा म्हणाल्या, हात लावू नकोस; वाटेला निघणारा एक घास तोडतो, उरलेली रोटी तो परतेपर्यंत टांगून ठेवायची, तीच त्याला घरी आणते. माणूस आला नाही तरी रोटी त्याचीच. पण खिळा एकच, आणि उद्या कुबात वर हिमनदीवर निघणार, त्याची रोटी टांगायला हवी. मी ती भिजवून पाखरांना घातली. उकिरड्यावर तर नाही ना टाकली!

६ जून
कुबातने उंबऱ्यात घास तोडला. "उरलेली कुणाला देऊ नकोस हं, नाहीतर मी परत यायचं कशाच्या ओढीनं?" म्हणाला आणि हसत गेला. मी रोटी टांगली. परवा येईल.

७ जून
धुकं. रोटीचा आणखी एक घास गेलाय. उंदीर म्हणावं, तर दात माणसाचे, रुंद. आपांना दाखवली. आकेंची रोटी पाखरांना घातली हे ऐकून त्या ओरडल्याच:
"अगं, तेवढीच त्याची घरची वाट होती. आता तो कुणाच्या रोटीवर येईल?"

८ जून
कुबात आला नाही. रोटी पेटीत घातली, कुलूप लावलं, वर बसून राहिले. उघडली तर फडकं ओलं, बर्फासारखं गार, आत पाटीच्या काळ्या दगडाचा चुरा. निम्मीच उरलीय. मला फार भीती वाटते.

९ जून
आकेंसाठी ताजी रोटी भाजून बाहेर ठेवली. माफी मागितली. ते तिला शिवलेसुद्धा नाहीत. कुबातचीच खातायत —

१० जून
बोटभर तुकडा. मुठीत धरून बसलेय. सोडणार नाही —

संध्याकाळ. वाटेवर कोणीतरी. कुबातचा कोट, कुबातची टोपी. कुबातच! मला हाक मारतोय, त्याच्याच आवाजात. देवा, आला —

मूठ उघडली. रिकामी.

आकेंचा कुत्रा गुरगुरत नाहीये. शेपूट हलवत धावला, त्याचे हात चाटतोय, आणि तो —