लीनामावशी लग्नाला येत नाही

आल्सास, २४ फेब्रुवारी १९५३

चि. लीनास ताईचे अ. आ.

तुझं नाताळचं पत्र पोचलं. चार ओळी लिहून हात दुखतो का गं तुझा? इकडे द्राक्षवेलींची छाटणी चालू आहे, माझे गुडघे कुरकुरतात, आणि आपल्या मातेर्नचं लग्न ठरलं. ईस्टर झाल्यावर. मुलगी शेजारच्या गावची, ओडिल. बोलकी आहे, त्याच्या वाटचंही तीच बोलते. रशियातल्या कैदेतून सुटून आल्यापासून तो घुमाच झालाय.

तू यायचंस. लढाई सुरू झाली तेव्हा सरकारने आपल्याला लिमुझँला हलवलं; चाळीस साली आम्ही परतलो आणि तू लेओनारशी लग्न करून तिथेच राहिलीस, त्यानंतर या घरात पाऊल टाकलं नाहीस. जर्मन सैन्याने तुमच्याकडचं ते गाव माणसांसकट जाळलं, त्या सैन्यात आपली आल्सासची पोरंही होती, आणि बोर्दो शहरातल्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली होती. गेल्या आठवड्यात फ्रान्सच्या पार्लमेंटने त्यांना माफी दिली. जर्मनांनी बळजबरीने वर्दी चढवलेली पोरं ती, आपल्या मातेर्नसारखीच. आता तरी मागचं मागे टाकू या, असं वाटतं.

तुझी वाट पाहणारी,
सालोमेताई

लिमुझँ, ६ मार्च १९५३

ति. ताईस लीनाचा सा. न. वि. वि.

लग्नाचं वाचून बरं वाटलं. खरंच वाटलं. पण मी येणार नाही.

माफीची बातमी आली तेव्हा इथे लोक रस्त्यात उभे राहून रडत होते. त्या गावात आमच्या शेजारणीची बहीण गेली. आणि ज्या जर्मन सैनिकांनी आमच्या इथे माझ्या लेओनारला त्याच्या लाकडी बुटांच्या दुकानातून ओढत नेलं, भिंतीशी उभं करून मारलं, त्यांतला एकजण दुसऱ्याला आपल्या आल्सासच्या बोलीत म्हणाला, आटप. मी ऐकलं. हे तुला आजवर लिहिलं नव्हतं.

मातेर्न तेव्हा रशियात होता, मला ठाऊक आहे. पण माझी बोली ऐकून इथले लोक गप्प होतात, आणि तिकडे आले तर तुमची ऐकून मी गप्प होईन. लग्नघरात असं माणूस नको.

पोराला आशीर्वाद. रागावू नकोस.

तुझी,
लीना

आल्सास, १५ मार्च १९५३

ति. मावशीस मातेर्नचा शि. सा. न.

आई तुझं पत्र घेऊन चुलीपाशी बसून राहिली, तेव्हा मीच घेऊन वाचलं. तू येऊ नकोस. मी येतो, महिनाअखेरच्या शनिवारी. दार उघडलं नाहीस तर परतीची गाडी धरेन, मनात काही ठेवणार नाही. लेओनारकाकाने मला पटाशी धरायला शिकवलं, आणि त्याच्या कबरीवर मी अजून गेलो नाही.

तुझाच,
मातेर्न

लिमुझँ, ३१ मार्च १९५३

ति. ताईस सा. न. वि. वि.

तो आला. खिडकीतून पाहिलं तर टोपी हातात घेऊन अंगणात उभा. त्याला दार वाजवायचं धाडस होईना, मला उघडायचं. शेवटी पाऊस वाढला म्हणून उघडलं. सूप दोनदा मागून घेतलं, आणि वर म्हणतो, आईच्या सुपात मीठ बरोबर असतं.

मग लेओनारच्या कबरीवर गेलो. तिथे तो म्हणाला, मावशी, मला रशियाऐवजी इकडे पाठवलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. मला वाटलं होतं, तो म्हणेल मी गोळी झाडली नसती. तसं म्हणाला असता तर तिथूनच परत पाठवलं असतं त्याला. त्याचा हात धरून घरी आणलं, गार पडला होता.

लग्नाला येत नाही, ताई. ते अजून जमायचं नाही. उन्हाळ्यात दोघांना इकडे पाठव.

तो गेल्यावर पाव आणायला गेले. पाववालीने विचारलं, कोण होता तो? इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच आपणहून बोलली. पाहुणा म्हटलं असतं तर निभलं असतं. मी म्हटलं, माझा भाचा, आल्सासचा, सख्ख्या बहिणीचा मुलगा. तिने पाव कागदात गुंडाळून दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी पाव घेऊन घरी आले.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
लीना