टकळीत पहिली, सायकलीत शेवटचा

५ जुलै, संध्याकाळ
आजपासून वही. दिपालीनं पुण्यातनं फोन करून माझ्या मोबाईलवर फ्रान्सची सायकल रेस लावायला शिकवलं. तीन आठवडे चालती म्हनं. तिकडच्या बाया रेस चालू हाय तवर रोज सूत कातत्यात. पोरगी म्हनली, आई, तू शाळंत टकळीत तालुक्यात पहिली आल्तीस ना, मग कर की सुरू, नुसती रडत बसू नको. मी रडत न्हाई. डोळ्याला पानी येतं ते वेगळं. त्याला ड्रॉप हायत.

ठरलं. रेस संपती त्याच दिवशी, २७ ला, मालकांचं वर्षश्राद्ध. तवर माझ्या हातच्या सुताचं उपरनं विनून फोटोला घालायचं. लगीन झाल्यापासून मागत हुते. दर वर्षी इचारायचे, पहिल्या नंबरवाली, आमचं उपरनं कुठवर आलं? मी म्हनायची, पुढच्या दिवाळीला. अशा चव्वेचाळीस दिवाळ्या झाल्या.

६ जुलै
माळ्यावरनं टकळी काढली. घरच्या कापसाचे पेळू केले. टकळी फिरली की धागा तुटतो. टकळीच वाकडी हाय. तेवढं सोडलं तर प्रगती चांगली. आजचं सूत एक वीत.

७ जुलै
पुष्पावती येऊन बसली. आमी दोघी एका गावच्या, एका बाकावरच्या, आनि दिल्याबी एकाच आळीत. सूत बघून म्हनली, राहे, ह्यानं म्हस बांध. मी म्हनलं, आधी तुझ्या गळ्यात बांधून बघते. लई हसलो.
शाळंतल्या नंबराचा विषय निघाला न्हाई. बरं झालं.

९ जुलै
रेसमधी माझा गडी ठरला. निळ्या शर्टाचा, रोज सगळ्यात मागं. दिपाली म्हनली, आई, पहिल्याकडं बघ की. पहिल्याकडं बघायला लई लोक हायत.
मालक बी तसलेच. लग्नाच्या आदल्या साली शेवगावच्या सायकल रेसमधी शेवटचे आले. बक्षिसं वाटून मांडव सोडत हुते, तवा पोचले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सोताच सांगितलं मला. लगेच मी सांगितलं, मी टकळीत पहिली. तवापास्नं त्यांचं नाव शेवटून पहिले. साखर कारखान्यातनं यायला उशीर झाला की मी दारातनं वरडायची, आले का शेवटून पहिले! आख्खी आळी हसायची. ते बी हसायचे.

१२ जुलै
दोष टकळीचाच हाय हे पक्कं झालं. शाळंत टकळी सरकारी हुती, म्हनून नंबर आल्ता. पहिला म्हंजे, पहिल्या तिनात.
मच्छिंद्र सायकलवाल्याला बोलावलं. म्हनलं, ह्यांची सायकल उलटी कर, मागच्या चाकाला दोरीची माळ घाल आनि सूत गुंडाळायची चाती बसव, चरखा हुतोय. तो म्हनला, काकू, चाकाला आऊट हाय, वाकडं फिरतंय, धागा उड्या मारंल. मारू दे म्हनलं.
सायकल वर्षभर पडवीत तशीच उभी हुती. हँडलला डब्याची पिशवी बी तशीच. उलटी करताना पिशवी पडली. आत बडीशेपेची पुडी, अर्धी खाल्लेली.
ड्रॉप संपलाय. उद्या आनायचा.

१५ जुलै
रेसवाल्यांना आज सुट्टी. मी बी घेतली.

१६ जुलै
सुट्टी वाढवली.

१९ जुलै
चरखा झकास चालतोय. सूत कासऱ्यायेवढं. उपरनं जाड असलं की टिकतं. बाजेच्या चौकटीला खिळे ठोकून उभे धागे ताणले. बाराच्या बारा तुटले. पुष्पी म्हनली, खळ लावल्याबिगर तुटनारच की, गुरुजींनी शिकवलं न्हवतं व्हय? मी म्हनलं, त्या दिवशी मी गैरहजर. ती म्हनली, तू सूतकताईला कवा हजर हुतीस?
शाळंत नंबर काढायचे का न्हाई, हेच आता आठवत न्हाई.

२४ जुलै, सांजच्याला
आज डोंगर. माझा गडी टायमात आला न्हाई म्हनून काढून टाकला. पोचला हुता की बिचारा. उशिरा का हुईना, पोचला हुता. दारात कुनी थांबायचं न्हाई का त्याच्यासाठी?
मोबाईल उपडा ठेवला.
उपरन्याचा रुमाल करायचं ठरवलं. येवढ्याशा फोटोला उपरनं तसं बी मोठंच झालं असतं.

२६ जुलै
रुमाल रद्द.
खरं लिहिते, वही कोन वाचतंय. माझा नंबर कवाच आला न्हवता. गुरुजींनी माझं सूत आख्ख्या वर्गात फिरवलं, असं कातू नये म्हनून. परीक्षेला मी दिली ती सुताची गुंडी पुष्पीनं कातलेली. पहिली आल्ती ती पुष्पी. नवरा शेवटचा आलो म्हनून हसत सांगत हुता, तर आपलं बी काय तरी असावं म्हनून बोलून गेले. मग मागं घेता आलं न्हाई.

२७ जुलै
श्राद्ध झालं. फोटोला बाजारातला झेंडूचा हार. दिपालीनं आल्या आल्या इचारलं, आई, उपरनं? म्हनलं, धुवाया टाकलंय.
पावनं गेल्यावर पुष्पीला चुलीपाशी बसवलं. म्हनलं, पुष्पे, त्या मानसाला मी जलमभर फसवलं गं. ती म्हनली, राहे, दाजींना सगळं ठाऊक हुतं. तुझ्या लग्नाच्या पंगतीत वाढताना मीच त्यांना सांगितलं, नवरी टकळीत ढ हाय म्हनून. पुढं तू त्यांना पहिल्या नंबराचं सांगितलंस, तवा मला येऊन म्हनले, असू द्या, बोलू नका तिला काय.
चव्वेचाळीस वर्षं. पहिल्या नंबरवाली, उपरनं कुठवर आलं? तोंड कसं गंभीर करून इचारायचे. आनि मी दारात उभी राहून आळीला हसवत हुते. वाटायचं, ह्या घरात चिडवनारी मी एकटीच.
मच्छिंद्रनं सायकल सुलटी करून दिली. पिशवी परत हँडलला लावली. सूत सगळं पुष्पी घेऊन गेली, म्हशीला दावं करायला. म्हनली, मजबूत हाय.
हे ह्यांना सांगायला पायजे हुतं. लई हसले असते.