मित्राला ऐकू जावं म्हणून

५ जानेवारी, रविवार. हळ्ळीखेड

उशीर झाला, मित्रा पोरी. तू यानातून जाऊन तिसरा महिना संपत आला आणि तुझा आबा वही आज उघडतोय. माफ कर. वही दिवाळीलाच आणली होती. रोज ट्रंकेवरून काढायचो, पुसायचो, परत ठेवायचो. सुचत नव्हतं असं नाही. भीती वाटायची.

केंद्रावरच्या मोठ्या बाईंनी सगळ्या घरच्यांना बसवून सांगितलं होतं. यान लांब गेलं की यंत्राचा शब्द पोचायला दिवस मोडतो. पण यानावरच्या या पोरांना माणसाच्या मनातलं तिथंही ऐकू जातं. तेव्हा घरच्यांनी रोज थोडं लिहावं. नुसता विचार केला तर मन दहा ठिकाणी पळतं, लिहिताना एका ओळीवर राहतं. पोरांना सोपं जातं.

मी सातवी. जन्मभर पाण्याच्या टाकीवर वॉलमन. कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडलं, एवढंच लिहीत आलो. अक्षर वाईट आहे. पण तुला अक्षर कुठं दिसतंय.

तूर झोडून झाली. तुझ्या आईचा गुडघा दुखतो. तिथं थंडी असते का? स्वेटर नेलास का, ते विचारायचं राहिलंच.

८ जानेवारी, बुधवार

येळवस झाली, रानातली अमावास्या. आपण पूजा करत नाही, भज्जी-आंबील तेवढी खातो. यंदा तुझ्या आईनं भज्जी केली नाही. "कुणासाठी?" म्हणाली. मी आहे की घरात, मनात आलं.

११ जानेवारी, शनिवार

हुमनाबादला केंद्रावर गेलो. शनिवारी चिठ्ठ्या मिळतात. तुम्ही पोरं तिकडून मनातल्या मनात बोलता, इथली ऐकणारी पोरं ते कागदावर उतरवून घरच्यांना देतात. आपल्या बाजूचं ऐकायला भाग्यश्री बसते, गावच्या पाटलाची नात. तिलाही तुझ्यासारखंच कळतं. दम्यामुळे तिला यानावर घेतलं नाही. त्यांच्या घरात कन्नड, म्हणून मला अज्जा म्हणते.

चिठ्ठीत होतं: आई, मी बरी आहे. गुडघ्याला तेल लाव. खिडकीतून काही दिसत नाही, नुसता काळोख.

"आन् मला?"

"एवढंच हाय, अज्जा."

"मागच्या अंगाला बघ की."

ती हसली. मीही हसलो. पण कागद उलटा करून बघितलाच.

दुसरं एक कळलं. २ फेब्रुवारीला तुला अठरा पुरी होतात. आजवर आईच्या सहीवर होतीस. त्या दिवशी तुझं तू ठरवायचं. यान मधल्या तळावर थांबलंय, बाराही पोरांनी तिथंच ठरवायचं. तिथून सामानाचं यान माघारी येतं, त्यात बसायचं. नाहीतर सही करून पुढं. पुढं गेलेली पोरं वीस वर्षांनी येतात म्हणे.

मी चौऱ्याहत्तरचा आहे. आणखी काय लिहू.

१९ जानेवारी, रविवार

जेवताना तुझ्या आईला, सविताला, विचारलं, पोरीला काय कळवलंस?

"जा म्हणलं."

"पुढं?"

"व्हय, पुढं. इथं येऊन काय करंल? तुमच्यापुढं तोंड शिवून बसंल?"

"मी काय केलंय तिला?"

"ते तुम्हालाच ठावं. बाप गेला तवा नऊ वर्षांची व्हती. तवापासून पोरगी बोलायची बंद झाली. मला वाटायचं बापाचं दुःख असंल. शाळंत केंद्रवाले तपासायला आले तवा कळलं, सहा वर्षं सगळं आत दाबून बसली व्हती. कुणाच्या भ्यानं? माझ्या?"

ताट तसंच ठेवून उठली. सून आहे, पण माझा मिलिंद गेल्यावर घर तिनंच ओढलं. तिला उलटून बोलायचं तोंड मला नाही.

केंद्रवाल्यांनी तुला हातात प्रमाणपत्र दिलं होतं. काहींना लांबचं कळतं, काहींना पुढं घडणारं, या मुलीला दोन्ही. गुण आहे म्हणाले. गुण. मी सगळ्यात मागं उभा होतो.

२१ जानेवारी, मंगळवार

आज त्या दिवशीचं लिहायला बसलो. मिलिंद सकाळी

बाहेरून हाक आली. शाळेमागं पाइप फुटली. मी आता वॉलमन नाही. तरी गेलो. तासभर चिखलात उभा राहिलो, नवीन पोराला सांगत, उजवीकडं फिरव, उजवीकडं. आल्यावर हात धुतले, वही मिटली.

२५ जानेवारी, शनिवार

आजही मला चिठ्ठी नाही. भाग्यश्रीनं थांबवून घेतलं.

"अज्जा, ती ऐकायली तुमचं. रोज."

बाकावर बसलो. "काय म्हणती?"

"म्हणती, आबा तुरीचं लिहायलेत. पाइपचं लिहायलेत."

"आन्?"

"आन् काय न्हाई."

मग स्वतःचंच सांगत बसली. "माझं कळलं तवा आमच्या घरी मला चौरंगावर बसवलं, अज्जा. सातवीत व्हते. बाया ओटी भरायच्या, गडी नारळ घेऊन रांगंत. कुणाची म्हैस कुठं गेली, कुणाला पोरगा व्हईल का. मला दम लागायचा, तर म्हणायचे देवी आली, देवी आली. तुमच्या घरी मारलं, आमच्या घरी पूजलं. ऐकलं कुणीच न्हाई."

मारलेलं तिला कसं कळलं हे विचारायची सोय नव्हती. ऐकणारीच ती.

बसमध्ये राग आला. तिच्या आज्याच्या वाड्यासमोर माझी आजी घुमायची, हे हिला कोण सांगणार. मग वाटलं, तेही हिला कळलं असेल.

२६ जानेवारी, रविवार

झेंडा झाल्यावर पंचायतीसमोर सत्कार. कापडी फलकावर तुझा फोटो, शाळेतला, डोळे मिटलेले. त्याच्या खाली माझा. "प्रेरणास्थान: आजोबा." मी सांगितलं नव्हतं, मित्रा. पंचायतीच्या पोरांनी केलं.

अध्यक्ष म्हणाला, "आबांना दोन शब्द बोलू द्या." शेजारच्या बाबूराव शेटकारानं मागून टोला हाणला, "तुमच्यात देवाचं चालत न्हाई म्हणता, आन् पोरगी तर देवाच्या शेजारी ऱ्हायला गेली की!" सगळे हसले.

मी म्हणालो, आमच्या घरात कधी अंगात येणं, उतारा, लिंबू चाललं नाही, म्हणून पोरगी शिकली. टाळ्या पडल्या.

खोटं नव्हतं. पण शाल खांद्यावर घालून घरी येईपर्यंत कुणाकडं बघवलं नाही. शाल दोरीवर टाकलीय. सविता तिला हात लावत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

लिहितो. आज कुणी हाक मारली तरी उठणार नाही.

आधी माझ्या आजीचं. तिच्या अंगात यायचं. दर मंगळवारी पाटलाच्या दारात घुमायची, केस सोडून. लोक पाया पडायचे आणि लांबून शिळी भाकर टाकायचे. पाया पडणारे तेच, टाकणारे तेच. आपल्या घरानं धम्माची दीक्षा घेतली तेव्हा वडिलांनी तिची देवीची परडी विहिरीत टाकली आणि उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं, या घरात आता कुणाच्या अंगात येणार नाही. मी लहान होतो. आजी त्या रात्री पहिल्यांदा आमच्याबरोबर ताटात जेवली. म्हणून ते वाक्य मी जन्मभर धरून बसलो. ते चांगलं वाक्य होतं, मित्रा. आजही आहे.

आता त्या दिवसाचं. तुझी आई नळावर गेली होती. मिलिंद बोअरच्या गाडीवर मंठाळकडं निघाला होता. तू भाकरी खात होतीस. खाली बघून म्हणालीस, "बाबा, आज जाऊ नको. गाडी पडंल."

मिलिंद थांबला. हे तुझ्या आईला माहीत नाही. तो थांबला होता. एक बूट घातला होता, तो त्यानं काढला. माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "पोरीच्या अंगात आलं म्हणून कामाला जायचा न्हाईस? माझ्या आजीचा वारसा का?"

तो ओशाळला. हसल्यासारखं केलं, बूट परत घातला आणि गेला.

मग मी तुला मारलं. दोनदा. भिंतीशी उभं करून पंचशील म्हणायला लावलं. इतकी चांगली गोष्ट, ती मी शिक्षा म्हणून वापरली. तू तिसऱ्या शीलाला अडखळलीस तर परत पहिल्यापासून. तास होत आला, तू म्हणतच होतीस, तेव्हा बाहेर मोटरसायकल आली. माणूस म्हणाला, मंठाळच्या उतारावर गाडी उलटली.

तू माझ्याकडं बघितलंस. मी त्या नजरेला नऊ वर्षं उत्तर दिलं नाही. तुझं खरं होतं. मी ऐकलं असतं तर तो थांबला असता. थांबला होताच.

झालं. हात दुखतोय.

१ फेब्रुवारी, शनिवार

सविता बरोबर आली होती, गुडघा धरून. उद्या वाढदिवस, काही कळेल म्हणून.

भाग्यश्रीनं चिठ्ठी दिली आणि तिथं थांबली नाही. आईला दोन ओळी, बरी आहे, काळजी करू नको. खाली पहिल्यांदा माझं नाव.

"आबा, मला माहीत होतं तुम्ही मारणार. तरी सांगितलं."

एवढंच.

सवितानं वाचलं. "कामून मारलाव? कधी?"

बसस्टँडवर, माणसांत, सगळं सांगितलं. बुटाचंही. ती रडली नाही. म्हणाली, "एक बूट काढला व्हता?" मी मान हलवली. "कोणता?" म्हणाली. मला आठवेना. ती कमठाण्याकडं जाणाऱ्या गाडीत चढली. भावाकडं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज अठरा. एकटाच आहे. दुपारी केंद्रावर फोन केला. पोरं ठरवतायत, आज चिठ्ठी नाही म्हणाले. परत केला. परत तेच. तिसऱ्यांदा उचललाच नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

सविताचा फोन नाही. मीही केला नाही. काय म्हणून करू. तुझ्या चिठ्ठीचा अर्थ लावतोय. रागानं लिहिलंस की नुसतं सांगितलंस? नऊ वर्षांचं पोर, मार बसणार हे ठाऊक असून बापासाठी तोंड उघडतं. मी एवढा मोठा माणूस, लोक हसतील म्हणून पोराला बूट घालायला लावला.

भाकरी जमत नाही. भात करतोय.

८ फेब्रुवारी, शनिवार

केंद्र उघडायच्या आधीच जाऊन बसलो. बारा पोरांपैकी सात जणांचं कळलं. चार पुढं, तीन माघारी. त्या तिघांत तू नाहीस, चौघांतही नाहीस.

भाग्यश्री म्हणाली, "आतून बंद केलंय तिनं, अज्जा. सोमवारपासून कायबी येईना."

"आजारी हाय का?"

"न्हाई. तसं असतं तर कळलं असतं. बंद केलंय. दार लावल्यासारखं."

"मग माझं तिला ऐकू जातंय का?"

"ते मला कसं कळंल?" म्हणाली. मग हळूच, "तुम्ही लिहा."

सामानाचं यान अजून आठ दिवस तळावर आहे. म्हणून लिहितोय, मित्रा. ये म्हणत नाही, तो हक्क मी सोडला. पुढं जायचं असेल तर जा, तुझ्या आईनं बरोबरच सांगितलं. पण ते तू मला सांग. नुसतं केंद्राच्या यादीत कळायला नको, माझ्या नावच्या चिठ्ठीत सांग. तू. शिवी दिलीस तरी चालेल.

आणि तिथून तुला इथलं काही पुढचं दिसत असलं, माझंच असलं तरी, वाईट असलं तरी, ते सांग. या खेपेला मी ऐकतो. लवकर कळव, बाई.