सेल्विकच्या धक्क्याला माझा विरोध

सेल्विक, मॅनिटोबा
सरोवर बर्फातून मोकळं झाल्यानंतरचा पहिला रविवार

प्रिय स्टेनुनताई,

तुला रूनाचा आणि माझा प्रेमाचा नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? लेकीकडे विनिपेगला राहायला आलीस हे फार चांगलं केलंस, समुद्राकाठची ती ओल तुला कधीच मानवली नाही. रूनाने पाठवलेला केक पोचला असेल. (आलुबुखाऱ्याचा एखादा थर कमी निघाला तर पोस्टाला दोष देऊ नकोस. डबा बंद करायचं काम माझ्याकडे होतं.) आम्ही बरे आहोत. काठाशी अजून बर्फाचे तुकडे एकमेकांना घासून किणकिणतात, आणि ते ऐकत मी खिडकीशी बसलो की रूनाला मला दोनदा हाक मारावी लागते. (ती म्हणते चारदा.)

तुझ्या नातीला, सोल्व्हेगला, शाळेत घरातल्या कुणा राजकारणी माणसावर निबंध लिहायचाय असं तू कळवलंस. तू लग्न होऊन व्हिक्टोरियाला गेलीस, त्यामुळे माझी कारकीर्द तुला नाताळच्या कार्डांवर मावेल एवढीच ठाऊक. म्हणून सविस्तर लिहितो. पोरीला सोसेल तेवढं सांग.

मी राजकारणात शिरलो तो आमच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीमुळे. आमचे आमदार म्हातारे पालमासन निवृत्त झाले होते, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे तिघे जण सकाळीच येऊन बसले. मला वाटलं, मासे न्यायला आलेत. ते काही तरी बोलत होते, पण नेमकं तेव्हाच पाण्यावरून धुकं उठत होतं आणि त्यात एक होडी अशी दिसत होती की खाली पाणी नाहीच, कुणी तरी ती हवेत अलगद ठेवून दिलीय. मी हो हो म्हणत राहिलो. ते कॉफी पिऊन, माझा हात जोरजोरात हलवून निघून गेले, तेव्हा रूना म्हणाली, "तू कशाला तरी हो म्हणालायस. कशाला ते जाऊन विचारून ये."

कॉन्झर्व्हेटिव्ह मी होतोच, कारण बाबा होते. सरकारने रस्त्यापर्यंत यावं, तिथून पुढे सरोवर आपलं, हे त्यांचं म्हणणं तुला आठवत असेल. मीही प्रचारात तेवढंच सांगायचो. निवडून आलो तर काहीही करणार नाही, असं मी मतदारांना वचन दिलं, आणि इतर पुढाऱ्यांसारखं न करता ते अक्षरशः पाळलं. लोक खूश होते. पुन्हा पुन्हा निवडून देत होते. विधानसभेत माझी जागा मागच्या बाकावर होती. उंच घुमटातून उजेड खाली यायचा आणि दिवसभर बाकांवरून हळूहळू सरकत जायचा. माझ्यापाशी पोचला की दुपारच्या जेवणाची वेळ झाली असं मी समजायचो. शेजारच्याने हात वर केला की मीही करायचो. ताई, इतकी शांत वर्षं माझ्या आयुष्यात दुसरी नाहीत.

मग समोरच्या पक्षाचं सरकार आलं आणि त्यांनी सेल्विकला दगडी धक्का बांधायचा घाट घातला. आमचे नेते मॅकइल्रेथ मला म्हणाले, तुझंच गाव आहे, विरोध तूच कर. मी उभा राहिलो. खर्च फार आहे, एवढं म्हणालो. तेवढ्यात तो उजेड माझ्या हातांवर आला, अगदी आपल्याकडचा हिवाळ्याच्या तोंडचा फिकट उजेड, आणि पुढचं माझं मलाच कळलं नाही. आपला काठ जसा आहे तसा मी सांगत गेलो. वादळ सुटलं की बायका तिथे येऊन पाण्याकडे बघत उभ्या राहतात. बाबांची होडी खडकावर फुटली ती संध्याकाळ सांगितली. ते कमरेएवढ्या पाण्यातून एक वल्हं तेवढं घेऊन चालत आले, आईने एप्रनने त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला, बटाटे गार झाले." मग मी म्हणालो, असं आमचं सेल्विक आहे, तिथे कृपा करून काही बांधू नका. आणि खाली बसलो.

समोरच्या मंत्र्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मतदान झालं. सगळ्यांनी धक्क्याच्या बाजूने हात वर केले, आमच्याही लोकांनी. विरोधात मी एकटा. बाहेर आल्यावर मॅकइल्रेथ म्हणाले, "बाल्दुर, इतक्या वर्षांत मी असं भाषण ऐकलं नव्हतं. पुन्हा करू नकोस."

धक्का झाला. त्याचा खर्च माझ्या भाषणाच्या माथी मारून पक्षातल्या लोकांनी मला उधळ्या ठरवलं, आणि पुढच्या निवडणुकीत उमेदवारी विमा विकणाऱ्या एका तरतरीत तरुणाला दिली. तुला म्हणून सांगतो, मला फार लागलं ते. जन्मभर काही केलं नाही, आणि मला घालवलं ते काही तरी केल्याबद्दल. (रूना म्हणाली, आता खिडकीशी बसायला सुट्टी घ्यावी लागणार नाही. पण त्या दिवशी तिने मला एकदाच हाक मारली आणि मी ओ देईपर्यंत थांबून राहिली.)

त्याच वर्षी पानगळीत मोठं वादळ आलं. योनास एनारसन आणि त्याचे दोघे मुलगे पाण्यावर होते. योनासने मला उभ्या जन्मात मत दिलेलं नाही. तिघांच्या होड्या धक्क्याच्या आडोशाला आल्या, तिघेही घरी पोचले. सकाळी तो आमच्याकडे आला, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला, कॉफी संपवली, आणि दाराशी जाऊन म्हणाला, "बाल्दुर, तू विरोध फार चांगला केलास." रूना उगाचच चुलीकडे वळली. मी बाहेर जाऊन सरपण नीट रचलं. ते आधीच नीट होतं.

आता रोज सकाळी मी धक्क्याच्या टोकाला पाय सोडून बसतो. दोन्ही बाजूंना पाणी, वर पाण्याच्याच रंगाचं आभाळ. धुक्यातून एखादी होडी येते, आणि ती कुणाची ते कळेपर्यंत ती बाबांची असते.

सोल्व्हेगला एवढंच लिहायला सांग, की तिच्या आजोबांनी सरकारी खर्चाला अखेरपर्यंत विरोध केला.

तुझा धाकटा भाऊ,
बाल्दुर

ता. क. यंदा बर्फाने धक्क्याच्या टोकाचे दगड ढकलले, चांगलं भगदाड पडलंय. तुझे जावई बांधकाम खात्यात आहेत. (त्यांच्या पक्षाबद्दल मी कधी वावगं बोललो असेन तर ते प्रचारातलं होतं.) जेवताना सहज विषय काढ. मात्र माझं नाव येता कामा नये, या वयात तत्त्वं बदलली असं कुणी म्हणायला नको.

आणखी एक. प्रकरण अडलंच, तर मला कळव. मी विनिपेगला येऊन विरोध करीन.